जीपच्या जागेवर सोळा सायकली

लेकीची सायकल पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी पडून बीडला आली, तेव्हा ती कुणी चालवेल असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. तिला तिकडं नोकरी लागली होती, न्यायला-आणायला कंपनीची गाडी यायची. निळ्या रंगाची, मधला दांडा नसलेली, पुढं जाळीची टोपली असलेली ती सायकल तिला नकोशी झाली. "आई, कुणाला तरी देऊन टाक, नाहीतर तूच चालव," असं ती फोनवर हसत म्हणाली.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते आणि घर ते वाचनालय रोज रिक्षानं जात होते. सायकल मला येत नव्हती. पण ती दारात उभी राहिली आणि मला तिची भुरळ पडल्यासारखं झालं. येता-जाता मी उगाच घंटी वाजवायला लागले.

आमचे हे पाटोद्याच्या शाळेवर शिक्षक. रोज सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी परत. त्यांनी बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर मला पहाटे शिकवायला सुरुवात केली. आठव्या दिवशी मी एक अख्खी चक्कर मारली आणि ओरडून म्हणाले, "सोडू नका हां! धरून ठेवा!" वळून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं. हे केव्हाच घरात जाऊन आंघोळीला लागले होते. एसटी चुकली असती ना.

त्या दिवशी वाचनालयात जाताना मी काय काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. नगर रोडला एका ट्रॅक्टरला ओलांडलं. ट्रॅक्टर उभा होता, पण ओलांडलं. एका म्हशीला घंटी वाजवून बाजूला केलं. वाचनालयाच्या दारात उतरले तेव्हा तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाई, काय लॉटरी लागली काय?"

अडचण संध्याकाळी सुरू झाली. सायकल ठेवायची कुठं?

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, बारा घरांची. खाली पार्किंग आहे, पण तिथं पिवळ्या रंगानं एकेका गाडीचे नंबर लिहिलेले. सायकलीचा नंबर कुठंच नव्हता. पहिल्या दिवशी मी ती एका खांबाला टेकवून ठेवली. सकाळी ती गटाराच्या झाकणावर सापडली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मोटरजवळ ठेवली. नेमकं त्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आलं की सगळी बिल्डिंग पाइप घेऊन खाली पळते, त्या धांदलीत सायकल कुणीतरी उचलून फाटकाबाहेर नेऊन उभी केली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर कुणाची तरी मोटारसायकल कलंडली आणि टोपलीचा चपटा डबा झाला. मग मी साखळी आणून ती फाटकाच्या गजाला बांधली. दोन रात्री नीट गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप जागेवर, साखळी जागेवर, सायकलही जागेवर, फक्त सीट नव्हती.

सीटशिवाय सायकल कशी दिसते ते ज्यानं पाहिलं नाही त्याला कळणार नाही. नुसता एक नळ वर आलेला. मी ती ढकलत दुकानात न्यायला निघाले, आणि दुकान येईपर्यंत रस्त्यातल्या एकूण एक माणसानं मला विचारलं, "सीट कुठंय?" पहिल्या चार जणांना मी खरं सांगितलं. पाचव्याला म्हणाले, "घरी विसरले." त्यानं मान डोलवली. "व्हतं असं कधी कधी," म्हणाला. मला भर रस्त्यात इतकं हसू फुटलं की सायकलीला धरूनच उभी राहिले.

नवी सीट बसवल्यावर मात्र मी सायकल रोज वर न्यायला लागले. घर दुसऱ्या मजल्यावर. खांद्यावर सायकल, हातात डबा, काखेत पर्स. जिन्यात कुणी भेटलं की आम्ही दोघींनी वळायचं आणि समोरच्यानं भिंतीला चिकटायचं. भिंतीवर चाकांचे काळे पट्टे उठले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. विम्याचं काम करणारा भला माणूस, पण कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की त्याचा घसा बसायचा.

"वहिनी, जिन्यात सायकल नको. तक्रारी आल्यात."

"मग खाली जागा द्या."

"जागाच नाही ना."

"आहे की." मी पार्किंगच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

त्या कोपऱ्यात, जिन्याच्या शेजारी, दोन गाड्यांची जागा अडवून ताडपत्रीखाली एक जीप उभी होती. ती आम्ही राहायला आलो तेव्हाही तिथंच होती. चारही चाकं बसलेली, बॉनेटवर धुळीचा थर, आणि टपावर एक जुना भोंगा. सेक्रेटरींनी तिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "आबांची हाय ती. त्यांना कोण सांगणार?"

आबा म्हणजे तळमजल्यावरचे. सिरसाळ्याकडचे मोठे जमीनदार, एके काळी राजकारणात भारी वजन असलेले. मुलं शेती बघू लागल्यावर ते आणि काकू बीडला येऊन राहिले. पांढरंशुभ्र धोतर, जाड मिशा, आणि बोलायची पद्धत अशी की साधं "पाणी आलंय का?" विचारलं तरी समोरच्याला आपली हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. बिल्डिंगमध्ये त्यांनी कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. एका रविवारी सरळ त्यांच्या दारात गेले. आबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, काकू शेंगा सोलत होत्या.

"आबा, ती जीप चालते का?"

"न्हाई."

"मग ती जागा सायकलींना देता का? मी एकटीच नाही. सगळ्यांच्या बाल्कनीत सायकली पडून आहेत. खाली सुरक्षित जागा नाही म्हणून कुणी काढत नाही."

आबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "बाई, त्या जिपीत बसून आमी चार इलेक्शनं लढलो. तालुका पालथा घातला. ती हालणार न्हाई." आणि पेपर पुन्हा उघडला.

मी उठले. दारापर्यंत काकू आल्या. त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांची ठेंगणी बाई, नऊवारी नेसणारी, मोठं कुंकू लावणारी. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडं बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी मागं वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "पोरी, तोल कसा ऱ्हातो गं?"

"कशाचा?"

"सायकलीचा! मी खिडकीतून बगते रोज. लई मन व्हतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू प्लॉटवर हजर. घरी सांगितलं होतं, खंडेश्वरीच्या देवळात जाते. आबा आठ वाजेपर्यंत उठत नसत. मी म्हटलं, काकू, लुगड्यावर कसं जमायचं? त्यांनी माझ्या साडीकडं असं बघितलं की जणू अडचण माझीच आहे. आणि खरंच होतं. नऊवारीचा काष्टा सायकलीसाठीच काढला असावा. माझा पदर आणि निऱ्या सांभाळता सांभाळता जीव जायचा, म्हणून पुढं मी पंजाबी ड्रेस घालायला लागले. काकू टांग टाकून बसल्या आणि पायडल मारायला लागल्या.

मागून धरणारी मी. काकू पुढं बघायच्या नाहीत, चाकाकडं बघायच्या. "आगं आगं आगं" हा त्यांचा मंत्र. पडल्या की आधी हसायच्या, मग उठायच्या. एकदा बाभळीच्या काट्यांत गेल्या, एकदा वाळत घातलेल्या गोधडीत. पंधरा दिवस असे गेले. माझ्या आयुष्यात इतकं हसणं मी एकत्र कधी हसले नव्हते. घरी आल्यावर हे विचारायचे, "व्यायाम करता का नुसतं खिदळता?" मी म्हणायचे, "दोन्ही एकच आहे."

एक गोष्ट मात्र मी शिकवायची विसरले होते. प्लॉट मोठा, जमीन भुसभुशीत. काकूंना थांबायचं झालं की त्या पायडल मारणं बंद करायच्या आणि सायकल आपोआप उभी राहायची. ब्रेकला हात लावायची वेळच आली नव्हती.

सोळाव्या दिवशी काकूंचा उत्साह प्लॉटमध्ये मावेना. "रस्त्यावर जाऊन येते," म्हणाल्या, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत निघाल्या. बिल्डिंगला वळसा घालून पुढच्या फाटकाकडं गेल्या. मी मागून पळत होते. आमच्या फाटकातून पार्किंगमध्ये जायला सिमेंटचा उतार आहे. काकू फाटकातून आत वळल्या, उतार लागला आणि सायकलीला पंख फुटले.

"ब्रेक! काकू, ब्रेक दाबा!"

"कुठं हाय त्यो?"

पुढचं सगळं एका क्षणात झालं. सायकल सरळ कोपऱ्याकडं गेली, ताडपत्रीत घुसली आणि धाडकन आवाज झाला. टपावरचा भोंगा सुटला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. मी धावत जाऊन ताडपत्री उचलली. काकू जीपच्या बॉनेटवर पोटावर आडव्या पडल्या होत्या. धुळीनं तोंड पांढरं, कुंकू कपाळभर. लागलं काहीच नव्हतं. हसू आवरत नव्हतं म्हणून त्या हलत होत्या.

आवाजानं सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. आणि तळमजल्याचं दार उघडून आबा बाहेर आले. त्या दिवशी नेमके लवकर उठलेले, बंडीवर, हातात चहाचा कप.

आबांनी जीपकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं, मग बॉनेटवरच्या बायकोकडं बघितलं.

"तू देवळात गेलतीस ना?"

काकू बॉनेटवर उठून बसल्या. पदर नीट केला. "न्हाई. सायकल शिकायलते पंधरा दिसापासून."

"कावून?"

"कावून म्हंजे? मन झालं म्हणून."

"आन् जिपीवर कावून आलीस?"

"मी कुठं आले? तीच मधी उभी हाय. धा वर्सं झाली, तिथंच उभी हाय." मग काकूंनी बॉनेटवर थाप मारली, तशी धूळ उडाली. "ही चालत न्हाई. मी चालते. आता जागा कुणाला पायजे ते तुमीच सांगा."

आबा कप तसाच हातात धरून आत गेले आणि दार लावलं.

दोन दिवस बिल्डिंगमध्ये सगळे हळू बोलत होते. माझ्यामुळं एका घरात भांडण लागलं, असं वाटून मी सायकलीला हातही लावला नाही. काकू दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर आबा. दोन मजले चढून आलेले, धाप लागलेली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या घरी येत होते. आमचे हे घाईघाईनं खुर्ची पुढं करायला लागले.

"बसत न्हाई," आबा म्हणाले. "बाई, किती सायकली बसतील तितं?"

मी वाचनालयाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर केव्हाच नकाशा काढून ठेवला होता. तो पुढं केला. "सोळा. तिरक्या लावल्या तर."

आबांनी नकाशा डोळ्यांपासून लांब धरून नीट बघितला. "लावा तिरक्या. पण नुसतं स्टँड नको. तुजी सीट गेलती ना? तसं व्हायला न्हाई पायजे. जाळी पायजे, दार पायजे, कुलूप पायजे." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "ती दोन दिस झालं माज्याशी बोलंना. तिला सांग, जीप चालली."

रविवारी सिरसाळ्याहून आबांचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. पण आमच्या पार्किंगचा आडवा बीम इतका खाली की ट्रॅक्टर आत येईना. जीप ढकलतच बाहेर काढावी लागणार होती. पंक्चरवाला हवेची टाकी घेऊन आला, त्यानं चारही चाकांत हवा भरली आणि सगळ्यांना सांगितलं, "लवकर करा. ट्यूबा कुजल्यात. हवा धरतील पाच मिनिटं, न्हाईतर तेबी न्हाई."

मग जे झालं त्याला ढकलणं म्हणत नाहीत, वरातच होती ती. बारा घरांची माणसं, बायका, म्हातारे, सगळे जीपला लागले. सेक्रेटरी पुढं उलटे चालत, दोन्ही हात हलवत, जसं काही विमान उतरवतायत. आबा स्टिअरिंगवर बसले, स्वच्छ फेटा बांधून. मागच्या डाव्या चाकातून सुईसारखी शिट्टी निघायला लागली आणि पंक्चरवाला किंचाळला, "गेली, गेली! ढकला बे!" उताराच्या मध्यावर जीप अडली. सगळ्यांनी खांदा लावला. कुणाची चप्पल गेली, कुणाचा चष्मा गेला. काकू मागच्या फळीला डोकं लावून ढकलत होत्या आणि ओरडत होत्या, "आवो, मतं मागू नका, गाडी वळवा!" ते ऐकून लोकांच्या अंगातलं बळच गेलं. हसून हसून जीप दोन हात मागं आली. पुन्हा ढकलली. फाटकाबाहेर पडली तेव्हा एकही चाक गोल नव्हतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून ती शेताकडं गेली. ट्रॉली कोपऱ्यावर वळेपर्यंत आबा बघत उभे राहिले. मी शेजारी उभी होते. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. काकूंनी मात्र आपल्या पदरानं त्यांच्या फेट्यावरची धूळ झटकली. उरलासुरला अबोला तिथं संपला.

पुढचे आठ दिवस आबांनी त्या जागेवर मुक्कामच ठोकला. वेल्डिंगवाल्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. लोखंडी पाइपाच्या उलट्या यू आकाराच्या कमानी करून घेतल्या, जमिनीत सिमेंटमध्ये पुरल्या, म्हणजे चाक आणि सांगाडा दोन्हीला एकाच साखळीत कुलूप लागेल. जाळी लावली तर त्यातून स्वतःचा हात घालून बघितला. गेला. "काढ. बारीक लाव." पुन्हा बघितला. बोटं गेली. "आजून बारीक." वेल्डर म्हणाला, "आबा, सायकली ठेवायच्यात का वाघ?" आबा म्हणाले, "सायकली. वाघाला कुणी चोरत न्हाई." वर पत्रा टाकला, दिवा लावला, दाराला कुलूप, आणि प्रत्येक घराला एक किल्ली.

ज्या दिवशी दार उघडलं त्या दिवशी वरून सायकली उतरायला लागल्या. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. बाल्कनीतून, पोटमाळ्यावरून, दिवाणामागून, कुठून कुठून निघाल्या. एकीच्या चाकाला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत होते, ते तसेच खाली आले. कुणाच्या लग्नात मिळालेली, कुणी कॉलेजात वापरलेली, एक तर कडा गावच्या साखर कारखान्यात नोकरीला असताना घेतलेली, काळी आणि दणकट. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई गुलाबी रंगाची घेऊन आल्या आणि लाजल्या. संध्याकाळपर्यंत चौदा झाल्या. हवा भरायला पंक्चरवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं, तो म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगीनं माझी टाकी रिकामी करायची शपथच घेतली काय?"

माझी सायकल मी सगळ्यात शेवटी लावली. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, वर गेले, आणि दहा मिनिटांनी उगाच पुन्हा खाली येऊन बघितलं. होती. सीटसकट होती. खांद्यावर काहीही न घेता मी जिना चढले तेव्हा हात इतके हलके वाटले की ते कुठं ठेवायचे कळेना. हे म्हणाले, "असे काय हात हलवतेस?" मी म्हटलं, "रिकामे आहेत."

नंतर रोज पहाटे आम्ही सात-आठ बायका निघायला लागलो. काकू पुढं, स्वतःच्या नव्या सायकलीवर. आता त्यांना ब्रेक सापडला होता आणि त्या तो फारच दाबायच्या, त्यामुळं मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळायच्या. शेजारच्या दोन सोसायट्यांचे लोक आमची जागा बघायला आले. आबा त्यांना फिरवून दाखवायचे, कमानीला धरून हलवायचे, "हालती का? हालवून बगा," असं म्हणायचे. जाताना प्रत्येक जण विचारायचा, "आबा, यातली तुमची कोणती?"

एक दिवस मी किल्ली लावत होते तेव्हा आबा जवळ आले. इकडंतिकडं बघितलं. "बाई, एक सांगू का? मला सायकल येत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"घोडी व्हती, मग जीप आली. सायकल मधीच ऱ्हायली. आता लोक इचारतेत, तुमची कोणती." मिशीवरून हात फिरवला. "हिला सांगू नको."

पण काकू पाठीमागंच उभ्या होत्या, हातात स्वतःची किल्ली घेऊन. त्यांनी तोंडावर पदर धरला, मग तो बाजूला केला आणि कड्याची ती काळी सायकल बाहेर काढली. त्याआधी मालकाला खालूनच हाक मारून साखळीची किल्ली मागून घेतली. आबांनी धोतराचा सोगा खोचला. प्लॉटवर आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं. आबांनी पहिलं पायडल मारलं, दुसरं मारलं, आणि अख्ख्या तालुक्यात ज्यांचा आवाज चालायचा ते आबा, मोठ्यानं "आगं आगं आगं" करत, सरळ गोधडीकडं निघाले.